कोरड्या वेताचा आवाज

बारक्या हे नाव पडलं तेव्हा तो खरोखरच बारका होता. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी खाली बसायचं तर एक हात जमिनीवर टेकावा लागे आणि उठायचं तर दोन, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. गिऱ्हाइकं त्याला खुर्चीवाले काका म्हणत, बायको 'अहो' म्हणे, आणि बारक्या म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्याची वहिनी. आपणही त्याला बारक्याच म्हणू. मोठेपणा द्यायचा की नाही ते गोष्ट संपल्यावर बघता येईल.

तो वेताच्या खुर्च्या विणायचा. रस्त्याकडेच्या खोलीत दुकान होतं. छताच्या आकड्यांना तुटक्या बैठकीच्या खुर्च्या उलट्या टांगलेल्या, कोपऱ्यात वेताच्या पट्ट्यांच्या जुड्या, आणि मधोमध लाल प्लास्टिकचा टब. त्यात पाणी, पाण्यात पट्ट्या भिजत पडलेल्या. मागच्या बाजूला प्लायवूडची आडभिंत होती. तिच्या पलीकडे वहिनीची खाट आणि त्याच्याही मागे स्वयंपाकघर. त्या आडभिंतीतून शिंकही पलीकडे ऐकू जायची. ही गोष्ट बारक्याला आयुष्यभर ठाऊक होती, आणि आयुष्यभर तो ती विसरत आला होता.

एक दिवस एक तिशीतली बाई मोडकी खुर्ची घेऊन आली. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. खुर्ची टाकून जाईल म्हणून बारक्या वाट बघत राहिला, तर ती स्टूल ओढून बसली आणि दोन तास त्याच्या हातांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, मी माहितीपट करते. हातानं काम करणाऱ्या माणसांवर. तुमच्यावर करायचाय."

"माझ्यावर?" बारक्या म्हणाला. "मी काय केलं?"

"तुम्ही जे रोज करता तेच."

झालं. बारक्या हरभऱ्याच्या झाडावर चढला. बायकोनं सांगून पाहिलं की अहो, उतरताना जपा, पण तोवर तो शेंड्याला पोचला होता.

शूटिंग तीन दिवस चाललं. मॅडमबरोबर एक कॅमेरावाला होता, त्याचं तोंड तीन दिवसांत फक्त चहा पिण्यापुरतं उघडलं. आणि एक आवाज टिपणारा होता, पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कानांवर हे मोठे हेडफोन. बारक्यानं त्याला पहिल्याच तासाला कानवाला म्हणून टाकलं.

"नेहमी करता तसंच करा," मॅडम म्हणाली, आणि मग नेहमीची एकेक गोष्ट हलवायला सुरुवात केली. रेडिओ बंद झाला. ट्यूबलाइट बंद झाली, कारण खिडकीतून येणारा उजेड जास्त चांगला होता. खुर्चीच्या चौकटीची भोकं साफ करायचं छोटं विजेचं ड्रिल खणात गेलं आणि बापाच्या काळचा टोचा बाहेर आला. बारक्यानं मुद्दाम इस्त्री करून घातलेला चौकडीचा शर्ट काढायला लावून विटका शर्ट घालायला लावला. आणि तो हसला की ती हळूच म्हणायची, "काका, हसू नका ना. कामाकडे बघा."

आता बारक्या हा हसल्याशिवाय काम न करणारा माणूस. पट्टी ओढताना गुणगुणायचा, पट्टी भोकात अडकवायची खुंटी ठोकताना तिच्याशी बोलायचा. पण पाहुण्यांच्या मनाला लागू नये म्हणून तो तीन दिवस गंभीर राहिला. त्याला एवढं कळलं की कारागीर जरा दुःखी असला की लोकांना बरं वाटतं. आपलं काय जातं, तो म्हणाला, राहू दुःखी.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"वडिलांनी," बारक्या म्हणाला. "तीन पिढ्यांचं काम आहे आमचं." हे वाक्य तो गिऱ्हाइकांना गेली तीस-पस्तीस वर्षं सांगत आला होता. ते तोंडातून घसरून यायला विचार करावा लागत नसे.

तिसऱ्या दिवशी तो टब आडवा आला.

"काका, हा लाल टब फार डोळ्यात भरतोय. पाच मिनिटं बाजूला घेऊ?"

"घ्या की," बारक्या म्हणाला.

टब मागे गेला. पुढ्यात चौकट, समोर कॅमेरा, आणि हाताशी होती ती न भिजवलेली जुडी. बारक्याचा हात क्षणभर अडखळला. या धंद्यात लंगडा चालेल, बहिरा चालेल, पण कोरडा वेत विणणारा चालत नाही. ओली पट्टी वाकते आणि वाळली की ताणून बसते. कोरडी पट्टी वाकताना तडकते, आणि तडा असा बारीक असतो की सहा महिन्यांनी गिऱ्हाईक खाली बसेपर्यंत दिसत नाही. हे सगळं माहीत असून बारक्यानं कोरडी पट्टी उचलली, भोकातून घातली आणि ओढली. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

पट्टी कर्रकर्र ओरडली.

"वा!" मॅडम कुजबुजली. "काय आवाज आहे! असंच चालू ठेवा."

दोन पट्ट्या झाल्या, तीन झाल्या. चौथी अर्ध्यात होती आणि आडभिंतीपलीकडून आवाज आला.

"बारक्या! कोरडा आहे तो वेत! कान फुटले का तुझे? हेच शिकवलं का मी तुला?"

कॅमेरावाल्यानं मान वर केली. मॅडमनं हात वर करून सगळं थांबवलं. बारक्याच्या तोंडाचा रंग टबासारखा झाला.

"वहिनी, गप्प बस ना जरा!" तो ओरडला. "काम चाललंय इथं!" मग पाहुण्यांकडे वळून हसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच कोणी त्याला हसू नका म्हणालं नाही. "म्हातारं माणूस आहे हो. तिला यातलं काही कळत नाही."

पलीकडे शांत झालं. खाट एकदा वाजली, बस.

आता तिला यातलं काय कळत होतं ते सांगायला हवं.

बारक्या नऊ वर्षांचा असताना बापाची उजवी बाजू लुळी पडली. थोरला भाऊ ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. आई नव्हतीच. घरात लग्न होऊन चार महिने झालेली वहिनी, खाटेवरचा सासरा आणि हा बारक्या. दुकानात सहा खुर्च्या लोकांच्या पडलेल्या. सासरा खाटेवरून बोलायचा आणि वहिनीचे हात चालायचे. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, मग आडव्या त्यांच्यातून विणत, मग दोन्हीकडच्या तिरप्या. पहिली खुर्ची तिनं सात वेळा उसवली. आठव्यांदा सासऱ्यानं बैठकीवर नखानं टिचकी मारली, आवाज टण्ण आला, आणि तो म्हणाला, "चालेल." वर्षभरात तो गेला. तोवर ती त्याच्यापेक्षा बारीक विणायला लागली होती.

पण नव्या सुनेनं विणलेल्या खुर्चीवर कोण बसणार? म्हणून ती आडभिंत आली. वहिनी पलीकडे विणायची आणि अलीकडे गिऱ्हाइकाला सांगितलं जायचं की सासऱ्यांचं काम आहे, मग थोरल्याचं, आणि शेवटी बारक्याचं. दुकानावर पाटी बापाच्या नावाची, खाली 'आणि मुलगे'. त्या पाटीत वहिनीला जागा नव्हती.

बारक्याला तिनंच शिकवलं. शाळेतून आला की दप्तर टाकायचं आणि बसायचं. पहिलं वर्षभर तिनं त्याला एकही पट्टी विणू दिली नाही. नुसतं भिजवायचं. किती वेळ भिजवायचं ते घड्याळावर नाही. पट्टी पाण्यातून काढून बोटाभोवती गुंडाळायची, अंगठीसारखी, आणि कान जवळ न्यायचा. बारीकशी चुरचुर जरी आली तरी परत पाण्यात. आवाज आला नाही की घ्यायची. पोरगं कंटाळून रडायचं, तेव्हा ती म्हणायची, "विणता कुणालाही येतं. थांबता येतं का बघ." त्याच्या शाळेची फी, त्याचं लग्न, त्याच्या मुलीचं शिक्षण, सगळं त्या आडभिंतीपलीकडून आलं. थोरला भाऊ गेला तेव्हाही ती तेराव्या दिवशी चौकट मांडीवर घेऊन बसली.

आता सत्तरी उलटल्यावर तिची बोटं वाकडी झाली होती आणि डोळ्यांपुढे दुधाळ पडदा आला होता. विणणं सुटलं होतं. पण तयार झालेली प्रत्येक खुर्ची अजून तिच्या खाटेपाशी जायची. ती टिचकी मारायची आणि निकाल द्यायची. 'चालेल' हा सगळ्यात वरचा नंबर. त्यापुढचा शब्द एकोणपन्नास वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

आणि त्या बाईला यातलं काही कळत नाही, असं बारक्या म्हणून बसला होता.

पाहुणे गेल्या गेल्या त्यानं कात्री घेतली आणि कोरडं विणलेलं सगळं कापून काढलं. टब पुढे ओढला, पट्ट्या भिजवल्या, नव्यानं सुरुवात केली. वहिनी जेवताना म्हणाली, "मीठ दे इकडे." एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, मिठाला काय देणार?

अडीच महिन्यांनी मॅडमचा फोन आला. विणण्याचे टप्पे कोणत्या क्रमानं लावायचे ते तिला नीट लागत नव्हतं. "चुकीचं लावलं तर तुमच्या धंद्यातले लोक हसतील काका. येऊन बघाल?" बारक्याला हे आवडलं. चौकडीचा शर्ट घालून तो गेला.

तिसऱ्या मजल्यावरची खोली होती. खिडकीला काळा पडदा, टेबलावर दोन मोठे स्क्रीन, आणि जागा मिळेल तिथे चहाचे उष्टे कप. कानवालाही तिथंच होता. मॅडमनं बटण दाबलं आणि बारक्यानं स्वतःला पाहिलं. अंधाऱ्या खोलीत एक विटक्या शर्टातला माणूस खिडकीकडे बघत होता आणि मागे कोणीतरी व्हायोलिन रडवत होतं. एवढा गंभीर बारक्या स्वतःच्या सासऱ्याच्या मयतालाही नव्हता.

"कोण गेलं?" त्यानं काळजीनं विचारलं.

कानवाला खोखो हसत सुटला. मॅडमला आधी राग आला, मग तीही हसली, आणि तिनं ते संगीत बंद केलं. त्यानंतर दोन तास काम मजेत झालं. बारक्या कागदावर रेघा मारून टप्पे सांगत गेला, ती तुकडे पुढेमागे करत गेली. आपल्या धंद्याचा क्रम चुकू नये म्हणून परक्या बाईनं दुपार घालवावी, याचं त्याला फार बरं वाटलं. बापाची शपथ, इतक्या आदरानं त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

मग तो तुकडा आला. त्याचे हात, कोरडी पट्टी, कर्रकर्र.

"हे काढा," बारक्या म्हणाला.

"काका, हा तर सगळ्यात सुंदर शॉट आहे. आणि आवाज ऐका ना."

"आवाजच ऐकतोय. म्हणून सांगतोय, काढा." त्यानं सगळं सांगितलं. कोरडा वेत, तडा, सहा महिने, कापून टाकलेली बैठक.

मॅडमनं ते चित्र थांबवलं. कानवाला मात्र खुर्चीत पुढे सरकला. "मला वाटलंच होतं. म्हणून त्या आतल्या आजी ओरडल्या ना? आहे माझ्याकडे. कॅमेरा थांबला तरी मी कधी लगेच बंद करत नाही."

आणि त्यानं ते लावलं.

खोलीत वहिनीचा आवाज आला. हेच शिकवलं का मी तुला? मग बारक्याचा. गप्प बस ना जरा. आणि मग ते हसणं, आणि ते वाक्य. तिला यातलं काही कळत नाही. त्यानंतर खाटेचा आवाज. त्या दिवशी बारक्याला खाट नुसती वाजल्यासारखी वाटली होती. आता नीट ऐकू आलं. उठायला निघालेलं माणूस परत बसलं होतं.

"परत लावा," तो म्हणाला.

कानवाल्यानं परत लावलं. बारक्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"तुमचं ते यंत्र आहे ना इथं? चालू करा. मला बोलायचंय."

तो अर्धा तास बोलला. सात वेळा उसवलेली खुर्ची, आडभिंत, पाटी, भिजवण्यात गेलेलं वर्ष, सगळं. तो बोलायचा थांबल्यावर मॅडम म्हणाली, "काका, पहिल्या दिवशी तुम्ही वडिलांनी शिकवलं म्हणालात, तेही आत आहे. हे घातलं तर तुम्ही लोकांपुढे खोटे ठराल."

"ठरू दे. आहेच की."

ती थोडा वेळ केसांतल्या पेन्सिलीशी चाळा करत राहिली. "टब मी काढायला लावला होता. म्हणजे मीही खोटी ठरेन."

"मग दोघं शेजारी बसू," बारक्या म्हणाला.

पण माहितीपट दहा दिवसांत द्यायचा होता, सगळं जुळवून झालं होतं, आणि आजींचं एकही चित्र घेतलेलं नव्हतं. जमेलच असं सांगता येत नाही, ती म्हणाली. खोटा दिलासा तिनं दिला नाही, त्याबद्दल बारक्यानं मनात तिचे आभार मानले. मात्र घरी येताना तो एकच हिशोब करत राहिला. वहिनी तो माहितीपट ऐकणार होती. बापानं शिकवलं हे ऐकणार, कोरडा वेत ऐकणार, आणि बारक्याची कबुली आत गेली, तर तिच्याबरोबर 'तिला यातलं काही कळत नाही' हे वाक्य भरल्या सभागृहात दुसऱ्यांदा ऐकणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

आधी सांगून टाकावं असं त्यानं तीनदा ठरवलं. एकदा चहा घेऊन गेला, तर ती म्हणाली, "साखर कमी आहे." दुसऱ्यांदा "वहिनी, एक सांगू का?" इथवर पोचला, तर ती म्हणाली, "आधी ती मागची खुर्ची संपव, लोक किती दिवस उभे राहतील?" तिसऱ्यांदा ती झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. बायको म्हणाली, "अहो, तुमचं तोंड बघून शेजारीही विचारतायत काय झालं म्हणून." तरी तोंड उघडलं नाही ते नाहीच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी माहितीपटाचा पहिला खेळ होता. छोटंसं सभागृह, दोनशे माणसं. बारक्या मधे, डाव्या हाताला बायको, उजव्या हाताला वहिनी. पडदा तिला उजेडाच्या ठिपक्याएवढाच दिसणार होता. "तू सारखं सांगत बसू नको काय चाललंय," तिनं आधीच बजावलं. "मला ऐकू येतं."

अंधार झाला, आणि पहिला आवाज आला तो रेडिओचा. बारक्याच्या दुकानातला, खरखरणारा, खराखुरा रेडिओ. कानवाल्यानं तो बंद करण्याआधीच टिपून ठेवला होता. मग पडद्यावर लाल टब आला, अख्ख्या पडद्याभर. त्यातलं पाणी हलत होतं आणि पट्ट्या त्यात सुस्त पडल्या होत्या. व्हायोलिनचा पत्ता नव्हता. मॅडमनं हसू नका म्हणण्याआधीचा बारक्या पडद्यावर हसत होता, खुंटीला शिव्या देत होता, आणि लोकही हसत होते. बारक्याचा जीव जरा भांड्यात पडला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" पडद्यामागून मॅडमनं विचारलं.

"वडिलांनी. तीन पिढ्यांचं काम आहे आमचं."

वहिनीची मान हलली नाही. मग हात आले, विटकी बाही आली, आणि कर्रकर्र सुरू झालं. वहिनीनं अंधारात बारक्याचं मनगट पकडून असा चिमटा काढला की नऊ वर्षांच्या पोरानं बोंब मारली असती.

"कोरडा आहे," ती फुसफुसली.

आणि त्याच क्षणी सभागृहात तिचाच आवाज दणाणला. "बारक्या! कोरडा आहे तो वेत! कान फुटले का तुझे?"

दोनशे माणसं खदखदून हसली. वहिनीची बोटं मनगटावर तशीच थांबली. मग बारक्याचं गप्प बस आलं, आणि मग ते वाक्य. हसू जसं आलं तसं विरून गेलं. खाट वाजली. पडद्यावर आता माणूस नव्हता, फक्त ती आडभिंत होती. डाग पडलेलं प्लायवूड, खिळ्याला लटकलेली कात्री. पलीकडून कोणाच्या तरी खोकण्याचा, पेला ठेवण्याचा, नखानं टिचकी मारण्याचा आवाज. कानवाल्यानं तीन दिवसांत टिपलेलं सगळं त्या भिंतीतून येत होतं.

"तो टब मी काढायला लावला होता," मॅडमचा आवाज म्हणाला. "मला या कामातलं काही कळत नव्हतं."

मग बारक्या बोलू लागला. "मी खोटं बोललो. मला वडिलांनी नाही शिकवलं. वडील खाटेवर होते. मला वहिनीनं शिकवलं. पहिलं वर्षभर तिनं मला नुसतं भिजवायला लावलं..." तो बोलत राहिला आणि चित्र आडभिंतीवरून हललं नाही. सात मिनिटं दोनशे माणसं एका प्लायवूडकडे बघत बसली आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. बारक्यानं शेजारी बघायचं धाडस केलं नाही. मनगट अजून तिच्या हातात होतं, एवढंच त्याला कळत होतं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, लोक जवळ आले. मॅडमनं खाली वाकून वहिनीचा हात हातात घेतला. वहिनीच आधी म्हणाली, "चांगलं केलंस पोरी. माझा आवाज जरा मोठा लावलास, पण चांगलं केलंस. आणि पुढच्या वेळी काम करणाऱ्याला हसू नको म्हणू नकोस. तोंड आवळलं की हातही आवळतो." मॅडम हो हो म्हणत हसत रडत राहिली. बारक्यानं कानवाल्याचे दोन्ही हात धरले आणि हलवत राहिला. हेडफोनशिवाय तो माणूस जरा उघडा वाटत होता.

बायको रिक्षा बघायला गेली. बारक्या आणि वहिनी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले. ऊन उतरत होतं. घरात आभार मानायची कधी पद्धत नव्हती, आणि माफी मागायची तर त्याहून नव्हती. बारक्यानं घसा तीनदा साफ केला.

"वहिनी, ते वडिलांचं..."

"मला माहीत होतं."

"काय?"

"तू गिऱ्हाइकांना काय सांगायचास ते. तीस वर्षं ऐकतेय. ती भिंत प्लायवूडची आहे रे, दगडाची नाही."

बारक्याला बसल्या जागी घाम फुटला. तीस वर्षांत किती गिऱ्हाइकं झाली असतील! आणि प्रत्येक वेळी ती पलीकडे, हातभर अंतरावर. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ते खोटं मीच सुरू केलं होतं. सासऱ्यांचं काम आहे म्हणून मीच तुझ्या दादाला सांगायला लावलं. त्या खोट्यावर आपण जेवलो. पुढे गरज संपली, ते मोडायचं राहून गेलं." तिनं पदराला डोळे पुसले. "तू तोंडानं काहीही सांगत होतास, पण पलीकडे मला ओल्या वेताचा आवाज येत होता. तो खरा होता. मग मी कशाला बोलू? त्या दिवशी कोरडा ऐकला तेव्हा बोलले."

बारक्या मान खाली घालून बसला.

"कळत नाही म्हणालास ते मात्र लागलं," वहिनी म्हणाली.

"चुकलो, वहिनी."

"हं."

"तू नसतीस तर मी..." पुढे त्याला येईना. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पायरीवर बसून हुंदके द्यायला लागला. वहिनीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केस विरळ झालेत हे चाचपून पाहिलं, आणि म्हणाली, "पुरे आता. लोक म्हणतील माहितीपट वाईट होता."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती खुर्ची कुठे आहे? कोरडी विणलेली."

"त्याच दिवशी कापली. नव्यानं विणली. अजून न्यायला आले नाहीत."

"मला दाखवली नाहीस."

नव्हती दाखवली. तोंड कुठे होतं दाखवायला?

घरी आल्याबरोबर त्यानं ती खुर्ची तिच्या खाटेपाशी नेली. तिनं बैठकीवरून तळवा फिरवला, कडेनं अंगठा नेला, आणि टिचकी मारली. टण्ण. बारक्या श्वास रोखून उभा राहिला. तिनं पुढच्या बाजूला आणखी एक टिचकी मारली.

"तिसरी तिरपी ढिली आहे," ती म्हणाली. "रडत विणलीस वाटतं."

"हो."

"काढ ती."

बारक्यानं ती पट्टी कापली. खुर्ची घेऊन पुढच्या खोलीत गेला, एक हात जमिनीवर टेकून टबापाशी बसला आणि नवी पट्टी पाण्यात सोडली. बायको चहा ठेवून गेली. दारातून एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याला त्यानं उद्या या म्हणून सांगितलं. थांबायचं होतं, तो थांबला.

"झाली का रे?" आडभिंतीपलीकडून आवाज आला.

बारक्यानं पट्टी पाण्यातून काढली, बोटाभोवती गुंडाळली आणि कानाशी धरली.

"आवाज नाही, वहिनी."

"मग घे."